रिकाम्या ओळीखालचा मजकूर

ती चाचणी मी बंद केली, मार्लिसने नाही. हे आधीच सांगून टाकतो. चौकशीच्या कागदांत तसं कुठेच नाही, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे मी गप्प बसलो.

आमची कंपनी लहान होती. डुलुथ शहरात, सरोवराच्या वरच्या चढावर, एका जुन्या लाकडाच्या वखारीत आमचं ऑफिस होतं. आणीबाणीचे फोन घेणाऱ्या केंद्रांना लागणारे प्रोग्राम आम्ही बनवायचो. उत्तरेकडच्या एका काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, तीस वर्षांची जुनी यंत्रणा मोडीत काढून आमची घ्यायचं ठरवलं. त्या जुन्या यंत्रणेत घराघरांच्या टिपा होत्या. कुणाकडे व्हीलचेअर आहे, कुणाचा कुत्रा चावतो, कुठल्या घराच्या पायऱ्या कुजल्या आहेत. बंब किंवा ॲम्ब्युलन्स निघाली की पत्त्यासोबत ही टीप जवानांच्या पडद्यावर यायची. अकरा हजार घरांच्या टिपा एका भल्यामोठ्या फाईलमध्ये आमच्याकडे आल्या, नुसता साधा मजकूर. तो वाचून नव्या यंत्रणेत नेणारा प्रोग्राम लिहिणं माझ्याकडे आलं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो आणि स्वतःला बराच हुशार समजत होतो.

फाईलची रीत सोपी होती. पत्ता समासाला चिकटून सुरू व्हायचा, त्याच्यापुढे टीप. एका ओळीत मावली नाही तर पुढची ओळ थोडी आत सरकवून लिहिलेली असायची. आत सरकलेली ओळ म्हणजे वरच्याच घराचा मजकूर पुढे चालू. मग एक रिकामी ओळ, आणि त्यानंतर पुढचं घर. मी दीड दिवसात प्रोग्राम लिहिला आणि सोबत चार चाचण्या. चाचणी म्हणजे प्रोग्रामला एक छोटी बनावट फाईल वाचायला द्यायची, त्यातून काय निघायला हवं ते आधीच लिहून ठेवायचं आणि जुळतं का ते पाहायचं. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. माझ्या चारही हिरव्या होत्या.

त्या मार्लिस हिएटालाकडे तपासायला गेल्या. मार्लिस तेव्हा अठ्ठावन्नची होती. त्याच काउंटीच्या केंद्रात ती बावीस वर्षं फोनवर बसलेली. पाठीने दगा दिला तेव्हा ती नोकरी सोडून आमच्याकडे तपासनीस म्हणून आली, पण घर तिने हलवलं नाही. रोज दीड तास गाडी चालवत यायची, बर्फ असो की नसो. तिने माझ्या चाचण्या उघडल्या. पत्त्यांच्या जागी मी ‘घर एक’, ‘घर दोन’ असं लिहिलं होतं आणि टिपांच्या जागी ‘अबक अबक’.

“तुझ्या घरांत कुणी राहत नाही, ब्रेट,” ती म्हणाली.

मी म्हटलं, प्रोग्रामला काय, घरात कोण राहतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तिने मूळ फाईलचे दोन-अडीचशे कागद छापून घेतले आणि पेन्सिल घेऊन बसली.

पुढचे तीन आठवडे ती मला रोज काहीतरी दाखवायची. कुणी ओळ आत सरकवताना स्पेस दाबली होती, कुणी टॅब. माझा प्रोग्राम फक्त स्पेस ओळखत होता. एका टिपेची एक-दोन नव्हे तर सहा ओळींची शेपटी होती. माझा प्रोग्राम पहिली ओळ जोडून थांबायचा. एका जागी आत सरकलेल्या ओळीत नुसत्या स्पेस होत्या, बाकी काही नाही, आणि त्यावर प्रोग्राम चक्क बंद पडायचा. प्रत्येक वेळी ती खरा पत्ता आणि खरी टीप घेऊन नवी चाचणी लिहायची, ती लाल व्हायची, आणि मी दात-ओठ खात दुरुस्त करायचो. खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा. दुपारच्या जेवणात मी बाकीच्यांना तिची नक्कल करून दाखवायचो, चष्मा नाकावर ओढून पेन्सिलने ओळी मोजताना. लोक हसायचे. एकदा ती मागे उभी होती. तिने तिचा डबा गरम केला आणि जागेवर जाऊन खाल्ला.

शेवटची लाल चाचणी रिकाम्या ओळीची होती. जुनी यंत्रणा हा मजकूर प्रिंटरसाठी तयार करायची, आणि साठ ओळी झाल्या की पान संपलं म्हणून एक रिकामी ओळ सोडायची. टीप नेमकी पानाच्या तळाशी तुटली, तर तिचा उरलेला भाग रिकाम्या ओळीच्या खाली जायचा. माझ्या प्रोग्रामला रिकामी ओळ दिसली की तो समजायचा, हे घर संपलं. मग खाली आत सरकलेली ओळ आली की तिच्या वर घरच नसायचं, म्हणून तो ती टाकून द्यायचा. मुकाट्याने, कसलीही तक्रार न करता.

मी म्हटलं, नियमात लिहिलंय की रिकामी ओळ म्हणजे शेवट. त्यांची फाईलच चुकीची आहे.

“नियम ज्याने लिहिला त्याने तो प्रिंटर पाहिलाच नव्हता,” मार्लिस म्हणाली. “मी त्याच्या शेजारी बावीस वर्षं बसलेय.”

आमचा वरिष्ठ ट्रॉय बेकलंड. माणूस गोड बोलायचा, हात खांद्यावर ठेवून बोलायचा. त्याने काउंटीला सोमवारची तारीख दिली होती आणि हा प्रकार गुरुवारी निघाला. प्रोग्रामला आता हात लावला तर मंजुरीची सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार होती, आणि त्यात एक आठवडा सहज गेला असता. त्याने विचारलं, अशा किती टिपा आहेत? मार्लिसने सांगितलं, सदतीस. अकरा हजारांत सदतीस, ट्रॉय म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

चाचणी लाल राहिली तर तपासणीचा अहवाल पुढे जात नाही. पण चाचणी ‘वगळा’ म्हणून ठेवता येते. मग ती लाल दिसत नाही, हिरवीही दिसत नाही, मोजलीच जात नाही. ट्रॉयने मार्लिसला तसं करायला सांगितलं. ती तिच्या खुर्चीत तशीच बसून राहिली. शुक्रवारी दुपारी तो मला म्हणाला, तू जा, तुझं ऐकेल ती.

मी गेलो. तिला म्हटलं, सोमवारी यंत्रणा चालू झाली की मंगळवारी पहिलं काम हेच करतो.

“शब्द देतोस?”

“दिला.”

मग तिने अट घातली. तोवर त्या सदतीस टिपा तिने हाताने उतरवलेल्या आहेत, ती यादी काउंटीला आजच्या आज गेली पाहिजे, म्हणजे तिथले लोक त्या हाताने भरतील. मी हो म्हटलं. ती यादी तिने मला पडद्यावर दाखवली. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ही मीच लिहिलेली आहे. आर्विड कांगसची मुलगी बेकरीत कामाला लागली तेव्हा त्याने फोन करून सांगितलं होतं. यादी तिने ट्रॉयला ईमेलने पाठवली, मला तिची प्रत आली. मग ती खुर्चीवरून उठली.

“माझा हात नाही चालणार,” ती म्हणाली. “तू कर.”

मी तिच्या खुर्चीत बसलो आणि तिच्या मशीनवर, तिच्या नावाने चालू असलेल्या खात्यातून, एक शब्द लिहिला. चाचणी वगळली गेली. तिने अहवालावर सही केली.

तासाभराने ट्रॉय मला पायऱ्यांवर भेटला. मी यादीचं विचारलं. तो म्हणाला, चालू व्हायच्या आधीच आपण आपल्या चुकांची यादी पाठवायची का? नंतर पाठवू, दुरुस्तीसोबत. मी बरं म्हटलं. मार्लिसला मी हे सांगितलं नाही. मंगळवारी ट्रॉयने मला दुसऱ्या कामावर लावलं, बुधवारी त्याहून घाईचं काही आलं. मार्लिसने दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हटलं की यादी गेलीय ना, मग कशाला मागे लागतेस. यादी गेलेली नाही हे मला माहीत होतं. त्यानंतर तिने विचारलं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला.

जानेवारीतल्या एका सकाळी, अकराच्या सुमारास, आर्विड कांगसच्या शेजारणीने धूर पाहिला आणि फोन केला. ती तिथे नवीनच राहायला आली होती. तिने सांगितलं की म्हातारा गाडी घेऊन कुठेतरी गेलाय, घरात कुणी नसावं. बंब आठ मिनिटांत पोचला. कप्तानाच्या पडद्यावर टीप आली: पुढच्या खोलीत ऑक्सिजनची दोन नळकांडी. आर्विड खाणीत काम केलेला माणूस, त्याची फुप्फुसं गेलेली. नळकांडी फुटतील म्हणून कप्तानाने माणसं बाहेर ठेवली आणि बाहेरूनच पाणी मारलं. त्याने केलं ते बरोबरच केलं.

टिपेची दुसरी ओळ अशी होती: मुलीला ऐकू येत नाही. रात्रपाळी करते, दिवसा तळघरात झोपते. तळघराचं दार मागच्या बाजूला.

शेली कांगस एकतीस वर्षांची होती. ती झोपेतच गेली असावी असं डॉक्टरांनी लिहिलं. आर्विड दवाखान्यातून परत आला तेव्हा बंबाची नळी गुंडाळत होते. त्याने विचारलं, शेलीला कुठे बसवलंय? कुणाला काही कळेना. हे मला पुढे त्या कप्तानाकडून कळलं. तो बोलता बोलता मध्येच उठून बाहेर गेला.

आमच्याकडे बातमी दुपारी आली. मार्लिसने पत्ता ऐकला आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. मी पडद्याकडे बघत म्हटलं की यादी ट्रॉयने पाठवली नव्हती.

“तुला कधी कळलं?”

“त्याच दिवशी.”

ती जागेवर गेली, कोट घातला आणि घरी गेली. मी त्याच दुपारी प्रोग्राम दुरुस्त केला. रिकामी ओळ दिसली की घर बंद करायचं नाही, आधी पुढची ओळ पाहायची. ती आत सरकलेली असेल तर जोडून घ्यायची. मार्लिसची चाचणी पुन्हा चालू केली. हिरवी झाली. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

चौकशी झाली. काउंटीचे वकील आले, आमचे आले. चाचणी कुणी वगळली याची नोंद यंत्रात असतेच, आणि त्या नोंदीत मार्लिसचं नाव होतं. अहवालावर सही तिची होती. तिने सांगितलं की यादी केली होती, पाठवली होती. पण तोवर तिला कामावरून कमी केलं होतं आणि तिचं ऑफिसातलं ईमेलचं खातं बंद झालं होतं. ट्रॉयने सांगितलं, अशी यादी आल्याचं त्याच्या तरी लक्षात नाही. मला आत बोलावलं. आमची वकीलबाई फार सभ्य होती. तिने मला आधी पाणी दिलं. मग विचारलं, मार्लिस हिएटालांनी या दोषाबद्दल तुम्हाला कधी सांगितलं होतं का?

माझ्या खात्यात ते ईमेल होतं. नाव, तारीख, वेळ, सदतीस टिपा.

मी म्हटलं, “नक्की आठवत नाही.”

एवढं एकच वाक्य मी बोललो. आर्विडशी कंपनीने समझोता केला, तो बाहेर काही बोलणार नाही आणि पुन्हा दावा करणार नाही अशी त्याची सही घेतली. स्थानिक पेपरात आलं की तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने चाचणी बंद केली होती. नाव छापलं नव्हतं, पण मार्लिस राहायची त्या चार हजार वस्तीच्या गावात नाव छापायची गरज नव्हती. ट्रॉय वसंतात मोठ्या शहरात मोठ्या नोकरीवर गेला. त्याची जागा मला मिळाली.

पावणेदोन वर्षांनी त्या काउंटीत नवी आवृत्ती बसवायला मी स्वतः गेलो. दुपारी गावातल्या किराणा दुकानात सँडविच घ्यायला शिरलो. मागच्या बाजूला मांस कापून देण्याचा काउंटर होता, आणि त्याच्यामागे, केसांवर जाळी बांधून, मार्लिस उभी होती. माझ्यापुढे एक म्हातारा होता. नाकात नळी, हातात चाकांवर ओढायचं ऑक्सिजनचं छोटं नळकांडं. तिने त्याला विचारलं, काय देऊ?

तो म्हणाला, “तुझ्या हातचं मी खाईन असं वाटतं तुला?”

रांगेत आम्ही पाचजण होतो. त्याचा आवाज मोठा नव्हता, त्याच्यात तेवढा दम नव्हता. तो थांबत थांबत बोलला. म्हणाला, माझ्या पोरीचं सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं, तूच लिहून घेतलं होतंस, आणि तूच पुसलंस. तुला झोप कशी लागते? मार्लिसने हातातली सुरी खाली ठेवली आणि ऐकून घेतलं. तिने मला पाहिलं होतं. आमची नजरानजर झाली होती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. तिने दाखवलं नाही. म्हातारा गेल्यावर तिने रांगेतल्या पुढच्या बाईला विचारलं, काय देऊ. माझी पाळी यायच्या आत मी निघून आलो.

पुढच्या शनिवारी ते ईमेल छापून तिच्या घरी गेलो. तिने दार उघडलं, आत बोलावलं नाही. पोर्चमध्ये उभ्यानेच वाचलं.

“माझ्याकडे नव्हतं म्हणून तुझ्याकडेही नसेल, असं मला कधीच वाटलं नाही,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी हे आर्विडला नेऊन देतो. तू म्हणशील तर.

“मी काही म्हणणार नाही. तुला माझी परवानगी हवीय, म्हणजे मग ते माझं काम होईल.” तिने कागद परत दिला. “त्याला आता माझी सवय झालीय, ब्रेट. दर आठवड्याला येतो, बोलतो, घरी जाऊन जेवतो. तू त्याला काय देणार आहेस आणि त्याचं काय काढून घेणार आहेस, ते नीट बघ.”

“मग काय करू?”

“दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

ती आत गेली. मी गाडीत बसलो, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला आर्विडच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. धैर्य होतं म्हणून नव्हे. परत जाऊन पुन्हा यायची ताकद नव्हती.

त्याने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. यादीत आपला पत्ता आला तिथे थांबला. मग सगळं पुन्हा वाचलं.

“म्हणजे तिने कळवलं होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही कोण?”

मी सांगितलं. चाचणी कुणी वगळली, कुणाच्या खुर्चीत बसून, वकिलाला काय म्हटलं, सगळं. त्याने मला ते वगळणं म्हणजे काय ते समजावून सांगायला लावलं. कागदाच्या मागे मी पेनने ओळी काढून दाखवल्या, ही पहिली, ही रिकामी, ही आत सरकलेली. तो बघत राहिला. त्याच्या नळीतून हवेचा आवाज येत होता.

“एवढंच?” त्याने विचारलं.

“एवढंच.”

“दुरुस्त करायला किती दिवस लागले?”

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण बोललो नाही. “चाळीस मिनिटं.”

त्याने मान हलवली, जणू अंदाज तेवढाच होता. म्हणाला, मला उठता येत नाही चटकन, दार तुम्हीच लावून घ्या. मी शिव्यांची वाट पाहत होतो. मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

कंपनीला मी लेखी कळवलं. वकीलबाईने सांगितलं की समझोता झालाय, प्रकरण मिटलंय, उकरून कुणाचंच भलं होणार नाही. मार्लिसच्या जुन्या नोंदीत एक दुरुस्ती जोडली आणि तिला दोन ओळींचं पत्र गेलं. तिचं उत्तर आलं नाही. मला कुणी काढलं नाही. मीही सोडलं नाही. घराचे हप्ते आहेत, मुलगी झालीय. कारणं सापडतात.

त्या केंद्रातली एक मुलगी माझ्याशी फोनवर कधीमधी बोलते. तिच्याकडून कळलं की मी जाऊन आल्यानंतरच्या आठवड्यात आर्विड दुकानात आला होता. रांगेत उभा राहिला. पाळी आली तेव्हा तो काउंटरला हात टेकून उभा राहिला. मागचे लोक थांबून होते. शेवटी त्याने अर्धा पाउंड हॅम मागितलं. मार्लिसने कापलं, तोललं, कागदात बांधून दिलं. तो घेऊन गेला.

आता तो मंगळवारी येतो. मंगळवारी मार्लिसची सुट्टी असते.